मस्कीच्या मागे: दोन सीझन, एकशे तीन तास, एक मासा

मी मूळची चिपळूणची. लहानपणी बाबा वाशिष्ठीच्या खाडीवर गरवायला जायचे तेव्हा मी पिशवी धरून मागे बसायचे. बांबूची काठी, तंगूस, गळाला कोलंबीचा तुकडा, मिळाला तर बोय नाहीतर शिंगाळा, एखाद्या दिवशी तांबोशी. जे मिळेल ते रात्री कालवणात. मासा पकडायचा तो खायला, दुसरं काही कारण असू शकतं हे डोक्यात कधी आलंच नव्हतं.

आता मी अमेरिकेत मिनेसोटात राहते, मिनियापोलिसच्या पश्चिमेला, आणि २०२३ आणि २०२४ चे दोन पूर्ण सीझन मी मस्की नावाच्या एका माशामागे घालवले. वहीत तास लिहिलेत, एकशे तीन झाले. मासा मिळाला एक, तोही पाण्यात परत सोडला. ओळखीतले मराठी लोक विचारतात की ह्यात तुला मिळतं काय, आणि दोघीजणींनी तर आम्हालाही यायचंय, कुठून सुरुवात करू असं विचारलं, म्हणून सगळं क्रमाने लिहितेय. मी सुरू केलं तेव्हा नियम काय, सामान काय, काहीच नीट कळत नव्हतं आणि लाजेने विचारायचंही धाडस होत नव्हतं.

मस्की म्हणजे मस्केलंज. नाव इथल्या ओजिब्वे लोकांच्या भाषेतून आलंय, माश्किनोझे. लांबुळका, जबडा मगरीसारखा चपटा, दातांनी भरलेला, आणि चार फुटांच्या पुढे जाऊ शकतो. तलावातला सगळ्यात वरचा शिकारी हाच, त्यामुळे संख्येने खूप कमी, कित्येक एकर पाण्यात एखादाच मोठा मासा. इथे त्याला 'दहा हजार कास्टचा मासा' म्हणतात, म्हणजे तेवढ्या वेळा ल्यूर, म्हणजे हुक लावलेलं खोटं आमिष, फेकाल तेव्हा एक लागेल.

मे २०२३. आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात, त्यांच्याकडे ॲल्युमिनियमची १७ फुटी बोट आहे, लेक त्यांच्याशी बोलत बोलत गॅरेजमध्ये शिरला आणि मी त्याला आणायला गेले. भिंतीवर फूटभर लांबीची, माझ्या हातापेक्षा मोठी ल्यूर्स टांगलेली. हे कशासाठी विचारलं तर त्यांनी अर्धा तास सांगितलं, पण पकडलेल्या माशांबद्दल नाही, न लागलेल्या माशांबद्दल! कुठल्या वर्षी कुठल्या खाडीत कुठला मासा बोटीपर्यंत आला, किती वेळ बघत राहिला, कसा निघून गेला. वीस वर्षांपूर्वीचा मासा ते काल बघितल्यासारखा सांगत होते. बाबांना मी असं बोलताना ऐकलंय. म्हणून म्हटलं, मला घेऊन जाल का. ते म्हणाले, आधी परवाना काढ.

परवान्याचं सांगते. डीएनआर, म्हणजे राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं, त्यांच्या साइटवर मिळतो, किंवा आमिषाच्या दुकानात, मोठ्या सुपरमार्केटच्या काउंटरवर. मी दुकानातून घेतला कारण प्रश्न विचारायचे होते. राज्याच्या रहिवाशाला वर्षाला २५ डॉलर, नवरा-बायको मिळून घेतला तर ४०. रहिवासी धरायला सलग ६० दिवस इथे राहिलेलं असावं लागतं, आणि व्हिसावर असलो तर चालेल का ही माझी भीती उगाच होती, ड्रायव्हिंग लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी नंबर दिला, पाच मिनिटांत कागद हातात. सोळा वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही. एक लक्षात ठेवा, परवान्याचं वर्ष १ मार्च ते फेब्रुवारी अखेर असतं, कधीही काढला तरी फेब्रुवारीत संपतोच, त्यामुळे जानेवारीत काढण्यात अर्थ नाही.

नियमांचं पुस्तक फुकट मिळतं, ते खरंच वाचा. उघड्या, म्हणजे बर्फ नसलेल्या पाण्यात एका माणसाला एकच दोरी. मस्कीचा सीझन जूनच्या पहिल्या शनिवारी उघडतो आणि १ डिसेंबरला बंद होतो. आणि बहुतेक तलावांवर ५४ इंचाच्या आतला मस्की घरी नेताच येत नाही. ५४ इंच म्हणजे १३७ सेंटिमीटर, माझ्या नऊ वर्षांच्या लेकाएवढा! म्हणजे कायद्यानेच जवळजवळ प्रत्येक मासा सोडायचा. शिवाय इतक्या मोठ्या शिकारी माशात पारा साठलेला असतो, बायकांनी आणि मुलांनी तो खाऊ नये असंच सांगतात. ५४ च्या वरचा मिळाला तरी मस्कीवाले लोक तो सोडतातच. ही सवय लोकांनी मुद्दाम लावून घेतलीय, १९६६ साली सेंट पॉलमध्ये गिल हॅम नावाच्या माणसाने मस्कीज इंक ही संस्था सुरू केली तिथून, त्याआधी मिळाला की मारला आणि फोटो काढला असंच चालायचं.

पाइक हा मस्कीचाच भाऊबंद मासा, त्या दोघांमधला फरक पाठ करावा लागला कारण दोघांचे नियम वेगळे आणि नवख्याला दोघे सारखेच दिसतात. पाइक गडद, अंगावर फिकट ठिपके. मस्की फिकट, त्यावर गडद पट्टे नाहीतर ठिपके, कधी नुसताच कोरा. शेपटीची टोकं मस्कीची अणकुचीदार. आणि एकदम खात्रीची खूण म्हणजे जबड्याच्या खालच्या बाजूची छिद्रं मोजायची, एका बाजूला पाच किंवा कमी तर पाइक, सहा किंवा जास्त तर मस्की. मी हे वहीच्या पहिल्या पानावर चित्र काढून ठेवलं होतं.

सामानात माझे पैसे वाया गेले. एका दुकानात मला साडेसहा फुटी हलका रॉड 'मस्कीला चालेल' म्हणून दिला, ७० डॉलर. अर्धा पौंडाचं ल्यूर त्याने फेकताच येत नाही. मग शेजाऱ्यांबरोबर जाऊन नीट घेतलं: साडेआठ फुटी हेवी रॉड १४०, बेटकास्टर रील १८०, ८० पौंडाची ब्रेड लाइन (विणलेली दोरी) ३५, लीडर २४ (दोरी आणि ल्यूर ह्यांच्यामधला चिवट तुकडा, त्याशिवाय जायचंच नाही, ते दात ब्रेड कापून टाकतात आणि मग मासा तोंडात ल्यूर घेऊन फिरतो), ल्यूर्स हळूहळू करत सात, मिळून १९०. लांब पक्कड आणि जबडा उघडा ठेवायची स्प्रिंग ४०, आणि हुक कापायचा कटर ५५. कटर महाग वाटला तरी टाळू नका, का ते पुढे येईल. मोठं रबरी जाळं दीडशेच्या वर जातं, ते मी घेतलं नाही कारण शेजाऱ्यांचं होतं. तुम्ही दुसऱ्याच्या बोटीवर जाणार असाल तर जाळ्यावर खर्च करू नका, पेट्रोलचे पैसे मात्र आठवणीने द्या.

३ जून २०२३, शनिवार, सीझनचा पहिला दिवस. पहाटे साडेचारला मिनेटोंका तलावाच्या ग्रेज बे ह्या खाडीवर. बोट पाण्यात सोडायला रांग, आणि तिथे तपासणीस उभे, बोट आधी कुठल्या तलावात होती, ट्रेलरवर गवत आहे का, पाणी काढलंय का. मिनेटोंकात २०१० पासून झेब्रा शिंपले, म्हणजे बाहेरून आलेले उपद्रवी शिंपले आहेत, ते दुसरीकडे जाऊ नयेत म्हणून निघताना बुडाचा बूच काढून सगळं पाणी सोडायचं आणि बूच काढलेलाच ठेवून गाडी चालवायची, हा कायदा आहे, दंड होतो. मला ही सगळी कटकट वाटायला हवी होती पण नाही वाटली. खाडीत कोणी काय टाकतं ते मी बघितलंय, इथे एका शिंपल्यासाठी माणूस उभा करतात हे मला आवडलं.

त्या दिवशी साडेचार तास ल्यूर फेकलं. रीलमध्ये दोरीचा गुंता इतका झाला की एक तास तो सोडवण्यातच गेला, खांदा सोमवारपर्यंत दुखत होता, आणि मासा दिसलासुद्धा नाही. पण एक गोष्ट शिकले, फिगर एट. मस्की ल्यूरच्या मागे मागे बोटीपर्यंत येतो आणि तिथे ठरवतो. म्हणून प्रत्येक कास्टच्या शेवटी ल्यूर पाण्याबाहेर काढायचंच नाही, रॉडचं टोक पाण्यात खुपसून बोटीच्या कडेला मोठा आठ काढायचा (इंग्रजी आठ, आपला नव्हे, लेकाला हे समजावताना मला कागद घ्यावा लागला). वळणं मोठी घ्यायची कारण लांब माशाला लहान वळणात वळता येत नाही. प्रत्येक कास्टला, मासा दिसो न दिसो. हजार वेळा रिकाम्या पाण्यात आठ काढायचा.

आणि मग २४ जून, सहावी फेरी. पाणगवतावरून काळा बकटेल, म्हणजे केसाळ शेपटीचं ल्यूर, ओढत होते, ल्यूर दिसायला लागलं आणि त्याच्या मागे अर्ध्या फुटावर एक ओंडका. ओंडका हलत होता. पोलरॉइड चष्म्यातून सगळं दिसत होतं, डोळा, पाठीवरचे पट्टे, शेपटी अगदी हळू. चार फुटांवर आला, थांबला, मी आठ काढायचं विसरूनच गेले, हात हलेना, तो नुसता खाली खाली बुडत गेला जसा दिवा मंद होत जातो तसा, आणि पाणी परत रिकामं. माझे गुडघे थरथरत होते, मी बोटीत बसले. शेजारी काही बोलले नाहीत, त्यांनी थर्मासमधली कॉफी ओतून दिली.

ह्याला फॉलो म्हणतात. लोक ह्या माशाच्या मागे का लागतात असं कोणी विचारलं तर माझं उत्तर हेच आहे. दुसरा कुठलाही मासा पाण्याखाली चावतो नाहीतर नाही चावत, तुम्हाला कळत नाही कोण होता. हा येऊन तोंड दाखवतो. तुमच्या पायाशी येतो, बघतो, नाही म्हणतो. रात्री अंथरुणात पडलं की तो परत येतो, आणि मग वाटत राहतं की मी पहिलं वळण घेतलं असतं तर? त्या रात्री मी वहीत वेळ, वारा, ढग, पाण्याचं तापमान सगळं लिहिलं. तेव्हापासून वही सुटली नाही.

जुलैच्या शेवटी तीन आठवडे जायचंच नाही असं ठरलं. पाणी ८० फॅरेनहाइटच्या, म्हणजे साधारण २७ सेल्सिअसच्या वर गेलं की त्यात ऑक्सिजन कमी आणि माशाला लढून झाल्यावर सावरता येत नाही, पोहत जाताना दिसतो पण नंतर मरतो. ह्यावर कायदा नाही, लोक आपणहून थांबतात. एक थर्मामीटर दोरीला बांधून न्या, दहा डॉलरचं काम.

सप्टेंबरमध्ये एक दिवस गाइड घेतला. ५०० डॉलर आणि ८० टिप. महाग आहे, मी नवऱ्याशी दोन आठवडे चर्चा करून घेतला. मासा त्या दिवशीही लागला नाही, दोन फॉलो. तरी पैसे वसूल झाले असं मी म्हणेन कारण मला कळलं की मी चुकीच्या ठिकाणी फेकत होते. गवत नव्हे, गवताची कडा. आणि चंद्र उगवायची आणि मावळायची वेळ बघून त्या अर्ध्या-पाऊण तासात सगळ्यात चांगल्या जागी असायचं. आपल्याकडे खाडीवर भरती-ओहोटी आणि तिथी बघतातच ना, बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "त्यात नवीन काय गो."

१४ ऑक्टोबरला, शनिवारी, एक लागला. खरंच लागला, रॉड वाकला, पाण्यातून अर्धा वर आला, डोकं झाडलं आणि ल्यूर उडून माझ्या बाजूने गेलं. हुकांना धार नव्हती. सकाळी कानस लावायची राहिली होती माझी. नखावर टोक ठेवून सरकवायचं, घसरलं तर धार नाही, रुतलं तर आहे, हे आता मी प्रत्येक फेरीआधी करते. पहिला सीझन असा संपला: बारा फेऱ्या, ४८ तास, नऊ फॉलो, शून्य मासे.

हिवाळ्यात मी विषय सोडून देईन असं नवऱ्याला वाटलं होतं. मी वाचत बसले. मिनेटोंकात मस्की मुळात नव्हताच, तो डीएनआरने सोडलाय. उत्तरेला लीच लेकमधली जात आहे, ती मोठी होते, १९८० च्या दशकापासून त्या जातीची पिल्लं वाढवून तलावांत सोडतात, शरद ऋतूत, साधारण फूटभर झाल्यावर. त्यातली किती जगतात कोण जाणे, मग आठ-दहा वर्षांनी त्यातला एखादा चाळीस इंची होतो. आणि हा खर्च परवान्याच्या पैशातून चालतो, मस्कीज इंकच्या शाखाही वर्गणी काढून भर घालतात. माझे २५ डॉलर कुठे जातात ते कळल्यावर १ मार्च २०२४ ला नवीन परवाना काढताना वेगळंच वाटलं.

दुसऱ्या सीझनचा जून-जुलै झरझर गेला, पाच फेऱ्या, चार फॉलो. जुलैत लेकाला घेऊन विस्कॉन्सिनमध्ये हेवर्डला गेलो, अडीच तास गाडी. तिथे फ्रेश वॉटर फिशिंग हॉल ऑफ फेमच्या अंगणात १४३ फूट लांब, साडेचार मजली मस्की बांधलाय, आतून जिना चढून त्याच्या जबड्यात उभं राहता येतं. विस्कॉन्सिनचा राज्यमासाच मस्की आहे, १९५५ पासून. १९४९ साली तिथल्या चिप्पेवा फ्लोएजमधून लुई स्प्रे ह्यांनी ६९ पौंड ११ औंसाचा, म्हणजे साडेएकतीस किलोच्या वरचा मासा काढला असा विक्रम हा हॉल मानतो. तो खरा की खोटा ह्यावर लोक अजून भांडतात, पंचाहत्तर वर्षांनंतर, आणि मला त्या भांडणात प्रेमच दिसतं.

७ सप्टेंबरला अपघात झाला. गवतात अडकलेलं ल्यूर ओढत होते, ते सुटून आलं आणि हुक अंगठ्याच्या मांसात, काटा आतपर्यंत. रक्त फार नाही पण ल्यूर लटकत होतं आणि बोट हलली की कळ मस्तकात जायची. शेजाऱ्यांनी माझा तो ५५ डॉलरचा कटर काढून हुक ल्यूरपासून कापला, मग अर्जंट केअरला जाऊन उरलेला काढला आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंय ते सीझनआधी बघून ठेवा. आणि अडकलेलं ल्यूर स्वतःच्या दिशेने ओढू नका, बोट तिथे न्या.

१९ ऑक्टोबर २०२४, शनिवार. दोन दिवसांपूर्वी पौर्णिमा होऊन गेलेली, तो ऑक्टोबर उबदार होता, एक स्वेटर पुरला. माझी सव्विसावी फेरी. दुपारी साडेतीनला पाण्यात, पाणी साठ फॅरेनहाइटच्या आसपास. सूर्य सव्वासहाला गेला, लोक परतायला लागले, आम्ही थांबलो कारण चंद्र साडेसातच्या पुढे उगवणार होता. अंधारात ल्यूर दिसत नाही, लीडर रॉडच्या टोकाशी आला की बोटांना कळतं, तेवढ्यावर आठ काढायचा. मी किती आठ काढले असतील, मिनिटाला एक कास्ट धरला तर दोन सीझनचे सहा हजार. त्यातला तो एक. पहिलं वळण, दुसरं वळण, आणि रॉड जड झाला. झटका वगैरे नाही, कोणीतरी मनगट धरावं तसा जड.

मग पाणी फुटलं. मी ओरडले ते मराठीत, "आला, आला," आणि शेजाऱ्यांना काय कळलं माहीत नाही पण ते जाळं घेऊन उभे होते. तो बोटीखाली गेला, रील करकरत होतं, मी अंगठा त्यावर दाबून धरला, दुखावलेलाच अंगठा, दोन मिनिटं असेल नसेल. मग जाळ्यात. जाळं पाण्यातच ठेवायचं, मासा पाण्यातच, हुक पाण्यातच काढायचे. एक निघाला, दुसरा कटरने कापला. मी हेडलॅम्प लावून जबड्याखालची छिद्रं मोजली, एका बाजूला सात. का मोजली, मस्की आहे हे दिसतच होतं. पण मोजली.

उचलताना आडवाच उचलायचा, एक हात गालफडाखाली, एक पोटाखाली, कधीही नुसता तोंडाला धरून लटकवायचा नाही. आणि उचलताना आपला श्वास रोखून धरायचा, आपल्याला दम लागला की त्याला परत पाण्यात. एक फोटो. पट्टीवर ४३ इंच. वजन केलं नाही. मग पाण्यात शेपटी धरून उभा केला, कल्ले उघडमीट, उघडमीट, अंगावरचे पट्टे दिव्यात सोनेरी दिसत होते आणि मी त्याच्याशी काय काय बोलत होते ते आता सांगत नाही. शेपटीत जोर आला तेव्हा त्याने ती माझ्या हातातून काढून घेतली. हाताला बुळबुळीत वास राहिला, तो मी घरी जाईपर्यंत धुतला नाही.

घरी येऊन बाबांना फोन लावला, तिकडे रविवारची सकाळ.

"काय गो, गावला काय मासा?"

"गावला. सोडला."

फोनवर जरा वेळ काहीच नाही. त्यांच्या घरात आजवर कोणी मासा सोडला नव्हता.

"केवढा?"

मी सांगितलं, फोटो पाठवला. ते चष्मा लावून बघत होते, मागून आईचा आवाज येत होता.

"वयाने किती असेल?"

"आठ-दहा वर्षांचा तरी."

"मग बरं केलंस," म्हणाले. आणि मग लगेच, पाणी केवढं खोल होतं, वारा कुठला होता, दोरीला किती ताण दिलास, एक एक करून सगळं विचारत राहिले, पाऊण तास.

दोन सीझनचा खर्च साधारण पंधराशे डॉलर झाला, त्यात गाइडचाच पाचशेऐंशी, तो काढला आणि शेजाऱ्यांसारखं कोणी भेटलं तर हजाराच्या आत भागेल. बाबा पुढच्या जूनला येतायत. बाहेरून येणाऱ्यांना एका दिवसाचा, तीन दिवसांचा, आठवड्याचा असे परवाने मिळतात, त्यांना आठवड्याचा काढणार आहे. अंगणात त्यांना आठ काढायला शिकवायचंय. जाळं मी धरेन.